लीकेज करंट: गळती, पाझर की झिरपणं?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलंय, मुलाच्या इंजिनिअरिंगच्या नोट्स मराठीत उतरवताना "चिप लहान होत गेली की लीकेज करंट वाढतो" ह्या वाक्यापाशी अडकलेय, लीकेजला गळती लिहू की पाझर?

ताई, एका शब्दात नाही भागणार, कारण तिथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात.

पहिली नळासारखी. ट्रान्झिस्टर म्हणजे करंटचा नळ आणि गेट ही त्याची चावी. चावी बंद केली तरी थोडा करंट सोर्स आणि ड्रेन ह्या ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांमधे वाहतोच, आणि ह्या दोघांतलं अंतर जितकं कमी तितका गेटचा ताबा सुटत जातो. वायसर झिजलेला नळ कितीही पिळा, ठिबकतोच ना, तसं. ही गळती. बिनधास्त लिहा, फक्त "वीजगळती" असा जोड नको, तो शब्द पेपरांनी तारांमधल्या तुटीला आणि वीजचोरीला कधीच देऊन टाकलाय. "गळती धारा" चालेल.

दुसरी गोष्ट भिंतीची. आम्ही नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमधे राहतो, जुलैत कपाटामागच्या भिंतीला हात लावला की गार ओल लागते, रंगाचे पोपडे हातात येतात, पण भोक शोधायला गेलं तर एकही सापडत नाही. गेटखाली करंट अडवणारा ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्याचंही असंच झालं. 2003 च्या सुमारास, चिपच्या 90 नॅनोमीटरच्या पिढीत, तो थर 1.2 नॅनोमीटरवर आला, म्हणजे जेमतेम पाच अणुथर, आणि इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जायला लागले, थराला कुठे भोक नसताना! क्वांटम टनेलिंग ते हेच. इथे गळती लिहिलं की वाचणारा भोक शोधत बसेल. झिरपणं लिहा.

पाझर मला पटत नाही. पाझर आपल्याला हवाहवासा असतो, पाझर तलाव आपण मुद्दाम बांधतो, दगडाला पाझर फुटला तर बरंच वाटतं. बॅटरी खाणाऱ्या दोषाला तो शब्द कशाला द्यायचा?

आणि दोन शब्द वेगळे ठेवले की उपायही आपोआप वेगळे कळतात. झिरपणं थांबवायचं तर थर जाड हवा, म्हणून इंटेलनं 2007 मधे 45 नॅनोमीटरला हाफ्नियमवाला ऑक्साइड आणला, तो जाड असूनही गेटचा जोर खाली तेवढाच पोचतो. गळतीला मात्र चावीची पकड वाढवावी लागते, म्हणून पुढे 22 नॅनोमीटरला गेटनं चॅनेलला, म्हणजे सोर्स-ड्रेनमधल्या वाटेला, तीन बाजूंनी कवटाळलं.

तर वाक्य असं करा: "ट्रान्झिस्टर लहान होतो तशी बंद चॅनेलमधून धारा गळते, आणि ऑक्साइड पातळ होतो तशी ती त्यातून झिरपते."