क्लिनिकमध्ये अचानक लैंगिक आजाराची रॅपिड टेस्ट सुचवली, तर लोक खरंच तयार होतात का?

तुम्ही लिहिलंय की अंगावर पुरळ उठलं म्हणून क्लिनिकमध्ये गेलात. तिथे ‘आलाच आहात तर एचआयव्ही आणि सिफिलिसची रॅपिड टेस्ट करून घ्या, वीस मिनिटांत निकाल मिळेल’ असं सांगितलं, आणि तुम्ही ‘नंतर बघू’ म्हणून निघून आलात. बाकीचे लोक हो म्हणतात का, आणि डॉक्टरांना तुमचा संशय आला असेल का, असं तुम्ही विचारताय.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण झोप उडवणारा तोच दिसतोय. सिफिलिस या लैंगिक आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात अंगभर पुरळ येऊ शकतं, बऱ्याचदा ते खाजतही नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही त्वचारोगासारखं दिसतं. म्हणून कारण न कळणारं पुरळ दिसलं की डॉक्टर ही तपासणी सुचवतात. त्यात तुमच्या चारित्र्याची चौकशी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयाच्या लोकांमध्ये बऱ्या होऊ शकणाऱ्या चार लैंगिक आजारांची मिळून ३७ कोटी ४० लाख नवी लागण झाली. त्यातल्या बहुतेकांना काही लक्षणंच नसतात. चेहरा बघून ओळखता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच विचारावं लागतं.

आता पहिला प्रश्न. मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते. नीट समजावून विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात, असाच माझा अनुभव आहे. सुईला घाबरणारे थोडे. बोटाला टोचून थेंबभर रक्त तपासणीच्या पट्टीवर घ्यायचं, एवढंच असतं. पूर्वी शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत पाठवायचो आणि काही दिवसांनी या म्हणायचो. कितीतरी जण यायचेच नाहीत. पुन्हा सुट्टी काढायची, घरी पुन्हा काहीतरी कारण सांगायचं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. न नेलेले रिपोर्ट कपाटात पडून राहायचे, आणि त्यात एखादा पॉझिटिव्ह असला की माझा जीव तुटायचा. सुरुवातीच्या टप्प्यातला सिफिलिस पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होतो हो! माणूस समोर असतानाच निकाल हातात आला, तर ते त्याच दिवशी देता येतं. गरोदर बाईच्या बाबतीत तर प्रश्न बाळाचाही असतो.

मग नाही कोण म्हणतं? माझ्याकडे तरी अडलं ते त्या वीस मिनिटांवर. तेवढा वेळ बसायचं कुठे? आमच्याकडे आधी तपासणीच्या दाराबाहेर एक बाक होता. त्यावर बसलेला माणूस कशासाठी आलाय, हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कळायचं. नंतर आम्ही लोकांना माझ्याच खोलीत बसवायला लागलो, आणि उठून निघून जाणं खूप कमी झालं.

दुसरं कारण मला एका बाईंनी शिकवलं. त्या म्हणाल्या, ‘आठवड्याने कळलं असतं तर मनाची तयारी तरी झाली असती.’ पटकन निकाल म्हणजे सोय, असंच मी धरून चालले होते. तेव्हापासून टोचण्याआधी विचारते, ‘आज ऐकायची तयारी आहे ना?’ नाही म्हणाले तर दुसरा दिवस ठरवते.

‘एवढ्याशा पट्टीवर काय कळणार?’ हाही प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. पट्टी रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, ओळखते. पण एचआयव्हीची एक पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणून निदान होत नाही, वेगळ्या किटने पुन्हा तपासून खात्री करतात. लागण नुकतीच झाली असेल तर निकाल निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून तीन महिन्यांनी परत तपासायला सांगतात. सिफिलिसची नेहमीची पट्टी तर उपचार होऊन बरं झाल्यावरही बहुतेकांत आयुष्यभर पॉझिटिव्ह येत राहते. आजार आत्ता आहे का, हे ठरवायला आरपीआरसारखी दुसरी रक्ततपासणी लागते. एका गृहस्थांना हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. जुना, बरा झालेला आजार नवा समजून त्यांच्या घरात नको ते झालं. चूक पट्टीची नव्हती, न बोलणाऱ्यांची होती.

गनोरिया आणि क्लॅमिडिया या दुसऱ्या दोन लैंगिक आजारांसाठी वेगळं यंत्र लागतं, त्याला साधारण अर्धा ते दीड तास जातो. त्यासाठी पुरुषांना लघवीचा नमुना आणि बायकांना योनीतून स्वतःच घेतलेला स्वॅब (कापसाच्या काडीवरचा नमुना) चालतो. दुसऱ्या कुणी तपासायला नको, म्हटल्यावर संकोच बराच कमी होतो.

तुम्ही नाही म्हणालात, तो तुमचा हक्कच होता, आणि त्यामुळे पुरळावरचे उपचार कुणी अडवू शकत नाही. परत जाल तेव्हा थांबायला आडोशाची जागा आहे का, निकाल कोण सांगणार आणि पॉझिटिव्ह आला तर पुढची तपासणी तिथेच होते का, हे आधी विचारून घ्या. पुरळ तळहातांवर किंवा तळपायांवरही असेल तर मात्र थांबू नका, उद्याच जा. ते आपोआप गेलं तरी जा, कारण सिफिलिसचं पुरळ उपचाराशिवायही जातं, आजार आत तसाच राहतो.