लो-कार्बमध्ये भाजी कमी करायची नसते, आधी मोजून घ्यायची असते

तुम्ही विचारलंय की दिवसाला २०-२५ ग्रॅम नेट कार्बमध्ये (म्हणजे एकूण कर्बोदकांतून फायबर, म्हणजे तंतू, वजा करून जे उरतात त्यांत) राहायचं तर भाज्या-फळं कमी करावीच लागतात, मग जीवनसत्त्वांसाठी कोणती फळं ठेवायची, की सरळ मल्टिव्हिटॅमिनची गोळी सुरू करायची.

गोळीचं आधी बोलतो, कारण ‘भाजी सोडा, गोळी घ्या’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही आणि त्यावर मी आजवर बराच वाद घातला आहे. धान्य, कडधान्य आणि गोड फळं ताटातून गेली की पहिली ओढाताण क जीवनसत्त्वाची होत नाही. ती होते पोटॅशियम, मॅग्नेशियम, फोलेट (एक ब जीवनसत्त्व) आणि फायबर यांची. यातलं फोलेट गोळीतून मिळतं. फायबर मिळत नाही. मॅग्नेशियम एका गोळीत फारसं मावत नाही. आणि पोटॅशियम? अमेरिकेत बहुतेक पूरक गोळ्यांमध्ये ते ९९ मिलिग्रॅमपर्यंतच ठेवतात, कारण एकदम मोठा डोस आतड्याला आणि हृदयाला धोक्याचा ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम सुचवते. ९९ मिलिग्रॅम तर १८ ग्रॅम कच्च्या पालकात मिळतं.

मुळात घोटाळा होतो तो भाजीला भाताच्या आणि भाकरीच्या रांगेत बसवल्यामुळे. पालकाच्या १०० ग्रॅममध्ये नेट कार्ब दीड ग्रॅमसुद्धा नसतात आणि पोटॅशियम साडेपाचशे मिलिग्रॅमच्या वर असतं. पोटॅशियमसाठी सगळे ज्या केळ्याचं नाव घेतात, त्यात १०० ग्रॅमला पोटॅशियम ३६० आणि नेट कार्ब २०. मशरूममध्ये ते साधारण ३२०, तेही सव्वादोन ग्रॅम कार्बमध्ये.

आता एक अख्खा दिवस मांडतो. सगळी वजनं कच्च्या भाजीची. पालक १५० ग्रॅम, ब्रोकोली, फुलकोबी, मशरूम आणि टोमॅटो प्रत्येकी १००, आणि अर्धा मोठा अव्होकाडो म्हणजे १०० ग्रॅम गर. एकूण ६५० ग्रॅम. यातून नेट कार्ब येतात १६ ग्रॅम. बदल्यात पोटॅशियम सुमारे २,५०० मिलिग्रॅम, फोलेट ५०० मायक्रोग्रॅमच्या वर (प्रौढांची रोजची गरज ४००), क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम २०० आणि फायबर १७ ग्रॅम. पोटॅशियमची उरलेली बाजू मासे, मांस, दही सांभाळतात. मॅग्नेशियम मात्र भाजीवर भागत नाही. त्यासाठी ३० ग्रॅम भोपळ्याच्या बिया घ्या, त्यातून दीडशेच्या वर मॅग्नेशियम मिळतं. फायबरसाठी २० ग्रॅम जवस कुटून घ्या, अख्खं जवस बरंचसं न पचताच बाहेर पडतं. पाणीही वाढवा, नाहीतर तेच फायबर पोट बांधून ठेवतं.

कागदावर हिशेब जुळतो आणि स्वयंपाकघरात फसतो, म्हणून शिजवण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. भरपूर पाण्यात भाजी उकडून ते पाणी ओतून दिलंत, तर पोटॅशियम, फोलेट आणि क जीवनसत्त्व यांचा मोठा वाटा त्या पाण्याबरोबर मोरीत जातो. ब्रोकोलीचे तीन-चार सेंटिमीटरचे तुरे करा, पाण्याला उकळी आल्यावरच जाळीवर ठेवा आणि झाकण घालून चार मिनिटं वाफवा. रंग झळझळीत हिरवा, देठात सुरी अडखळत शिरतेय, तिथे उतरवा. रंग शेवाळी झाला म्हणजे वेळ चुकली. देठ टाकू नका, साल तासून चकत्या करा. पालक धुतल्यावर पानांना चिकटलेलं पाणी पुरतं. मोठ्या पातेल्यात चमचाभर तेलावर टाका, दोन मिनिटांत पातेलंभर पालकाचा मूठभर गोळा होतो. शिजलेला पालक वाटीने मोजणारे इथेच चुकतात, म्हणून वजन कच्च्याचंच करा. भाजी उकडायचीच असेल तर पाणी कमी घ्या आणि त्याच पाण्याचं सूप करा. उष्णतेने गेलेलं क जीवनसत्त्व परत येणार नाही, पण पोटॅशियम त्यात असतं.

सॅलडवर तेल घालायला घाबरू नका. हिरव्या, लाल, केशरी भाज्यांमधली कॅरोटिनॉइडं (त्यांना रंग देणारी द्रव्यं, काहींपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) आणि के जीवनसत्त्व शोषलं जायला स्निग्धांश लागतो.

पालकाची एक मर्यादा सांगायलाच हवी: कॅल्शियमसाठी त्याच्यावर विसंबू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, त्यामुळे जेमतेम पाच टक्के कॅल्शियम अंगी लागतं. केल या कोबीच्या कुळातल्या पालेभाजीतलं आणि ब्रोकोलीतलं कितीतरी चांगलं शोषलं जातं. ब १२ आणि ड जीवनसत्त्व कुठल्याच हिरव्या भाजीत नाही, तिथे गोळीला माझी काही हरकत नाही.

फळं. लाल ढोबळी मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व सुमारे १२८ मिलिग्रॅम आणि नेट कार्ब ४. संत्र्यात ५३ आणि साडेनऊ. म्हणजे क जीवनसत्त्वासाठी फळ लागतंच असं नाही. आवडीसाठी खायचं तर स्ट्रॉबेरी किंवा रासबेरी, १०० ग्रॅमला साडेपाच ग्रॅमच्या आसपास. पेरू नऊ ग्रॅम घेतो, पण त्यात क जीवनसत्त्व दोनशेच्या वर, तेव्हा अर्धा पेरू २५ ग्रॅमच्या हिशेबातही बसवता येतो. द्राक्षं आणि केळी या मर्यादेत बसत नाहीत. रस तर नकोच, फायबर गाळून साखर तेवढी पेल्यात उरते.

पाकिटावरच्या आकड्यांचंही बघा. अमेरिकी लेबलवर एकूण कार्बमध्ये फायबर धरलेलं असतं, ते वजा करायचं. युरोपीय लेबलवर ते आधीच वेगळं काढलेलं असतं. तिथे पुन्हा वजाबाकी केलीत तर तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त कार्ब पोटात जातात.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, पायात गोळे आले तर लगेच मॅग्नेशियमच्या नावाने खडे फोडू नका. कार्ब कमी झाले की इन्शुलिन उतरतं, ते उतरलं की मूत्रपिंड जास्त सोडियम बाहेर टाकतं आणि ताज्या भाजीत सोडियम नगण्य असतं. सूपमध्ये मीठ नीट घाला. रक्तदाब किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र मिठाचं डॉक्टरांना विचारून.

हे खरं तर वर लिहायला हवं होतं: मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर, एआरबी वा पोटॅशियम राखणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर वरचा पोटॅशियमचा हिशेब तुमच्यासाठी नाही. मुतखडा होत असेल तर ऑक्झलेटवाल्या पालकाऐवजी केल किंवा कोबी घ्या. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर हिरव्या पालेभाज्या अचानक वाढवू नका आणि अचानक बंदही करू नका, के जीवनसत्त्वाचं रोजचं प्रमाण सारखं राहायला हवं. आणि इन्शुलिन किंवा मधुमेहाची औषधं घेत असाल तर कार्ब कमी करण्याआधीच डोस बदलून घ्या, साखर एकदम खाली जाऊ शकते.