मुलांना मोहाच्या झाडाखाली ने
ताई, तू गावात नवीन आहेस आणि मुलांना जंगल जपायला कसं शिकवावं, असं विचारतेस. तक्ते-पोस्टर राहू दे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मुलांना आजीसोबत मोहफुलं वेचायला जाऊ दे. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तीच आग जंगलात पसरते. खराट्याने पाला झाडला किंवा जाळी अंथरली, की जाळावं लागतच नाही. हे मुलांनी स्वतः करून पाहावं. घरी तीच पटवतील.

पण सुरुवात ग्रामसभेपासून कर, हे मी कळकळीनं सांगते. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क (गावाने मिळून जंगल वापरायचा आणि सांभाळायचा कायदेशीर हक्क) मिळाला, तो ग्रामसभेच्याच बळावर. झाडांची गोंडी नावं मुलांकडूनच लिहून घे. आणि मे महिन्यात कार्यक्रम ठेवू नकोस, तेव्हा घरंच्या घरं तेंदूपानं तोडायला जातात.