दुकानातून आणलेल्या स्टोनी कोरलची (कडक सांगाड्याच्या प्रवाळांची) नेमकी स्पीशीज (प्रजाती) घरी कशी ओळखायची?

न्यू जर्सीतल्या तुमच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, टॉर्च, फ्रॉगस्पॉन, 'गोनी', 'फेविया' (ही दुकानांतली नावं) आणि एक जांभळी अॅक्रोपोरा आहे, आणि फोटो पाठवून तुम्ही त्यांची पूर्ण शास्त्रीय नावं विचारली आहेत. आधी रंग विसरा. निळ्या एलईडीखाली सगळीच कोरल चमकतात. जीनसपर्यंत (स्पीशीजच्या वरचा गट) घरी बहुतेकदा पोचता येतं, स्पीशीजपर्यंत क्वचितच, कारण यांची वर्णनं मुख्यतः सांगाड्यावरून लिहिली गेली आणि जिवंत कोरलचा सांगाडा मांसाखाली दडलेला असतो.

गोनी सर्वांत सोपी. पूर्ण फुललेल्या एका पॉलिपची (कोरलमधला एक सुटा छोटा जीव) टेंटॅकल्स, म्हणजे तोंडाभोवतीचे हातासारखे तंतू, मोजा: 24 म्हणजे गोनिओपोरा, 12 म्हणजे अल्व्हिओपोरा. फेवियाच्या दोन शेजारच्या कपांमधली (पॉलिप बसतो ती सांगाड्यातली वाटी) भिंत बघा. चाळीतल्या खोल्यांसारखी सामाईक असेल तर फेवाइट्स; प्रत्येकाची स्वतंत्र असून मध्ये खाच दिसली तर डिप्सास्ट्रिया. खरा फेविया 2012 पासून अटलांटिकपुरताच उरलाय, पण दुकानांतल्या पाट्या कोण बदलणार!

फ्रॉगस्पॉनची गंमत उलटी आहे. त्याचा आणि हॅमर या त्याच्या जवळच्या कोरलचा सांगाडा जवळपास सारखाच, त्यामुळे इथे मांसच बघावं लागतं. हॅमरच्या टेंटॅकलचं टोक नांगराच्या आकाराचं, तर फ्रॉगस्पॉनच्या टेंटॅकललाच छोटे फाटे आणि त्यांवर गोळे. मग बुडखा बघा: सलग नागमोडी भिंत असेल तर फिम्ब्रियाफिलिया डिव्हिसा, सुट्या फांद्या असतील तर पॅराडिव्हिसा. जुन्या पुस्तकांत ही युफिलिया म्हणून सापडतील, 2017 मध्ये वेगळी काढली. टॉर्च मात्र युफिलियातच राहिली, बहुधा ग्लॅब्रेसेन्स. तिची पिल्लं पॉलिपच्या आतच वाढतात. हॅमर-फ्रॉगस्पॉनमध्ये नर-मादी वेगळे असतात आणि अंडी-शुक्राणू पाण्यात सोडले जातात.

अॅक्रोपोराबद्दल माझं मत स्पष्ट आहे: फांदीच्या अगदी टोकाला एक ठळक कप दिसला की लेबलवर 'अॅक्रोपोरा' लिहा आणि थांबा. शंभराहून जास्त स्पीशीज आहेत, आणि प्रकाश किंवा प्रवाह बदलला की त्याच कोरलच्या फांद्यांची जाडी आणि ठेवण बदलते. पुस्तकातल्या फोटोशी टँकमधला फ्रॅग (कोरलचा तोडलेला तुकडा) जुळवत बसण्यात अर्थ नाही. हट्टच असेल तर मेलेला तुकडा टँकपासून लांब, उघड्या हवेत साध्या ब्लीचमध्ये रात्रभर ठेवा (व्हिनेगर किंवा कुठलंही अॅसिड त्यात मिसळू नका), धुऊन वाळवा आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून मॅक्रो फोटो काढा. तज्ज्ञ तो बघूनही 'बहुतेक' म्हणूनच नाव सांगेल.

भारतातून वाचणाऱ्यांनी हा छंद घरी आणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, 2001 पासून सगळी स्टोनी कोरल आहेत.

तुमच्या 'फेविया'च्या फोटोत भिंती दिसत नाहीयेत. पंप बंद करून, पांढऱ्या दिव्यात, बरोबर वरून एक फोटो काढून टाका, मग फेवाइट्स की डिप्सास्ट्रिया ते सांगतो.