दिवा लुकलुकतोय, बॅटरी काढू का?

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल गाडी ५८ हजार किलोमीटर चालली आहे. मागच्या वर्षी ताकद वाढवायला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रीमॅप करून घेतला, म्हणजे त्याची सेटिंग्ज बदलून घेतली. गेल्या रविवारी वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकू लागला, गाडी झटके खाऊ लागली. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढल्यावर झटके थांबले, पण दिवा आता कायम लागलेला असतो. मित्र म्हणतात, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेव. काढू का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : नका काढू, कळकळीने सांगतो. दिवा जाईलही, पण त्याबरोबर ईसीयूने टिपून ठेवलेलं पुसलं जाईल : बिघाडाचा कोड, आणि त्या क्षणी आरपीएम, तापमान, लोड किती होता ते. आम्हा मेकॅनिकांना हवं असतं तेच.

नुसता लागून राहिलेला दिवा गॅरेज गाठायला वेळ देतो. लुकलुकणारा देत नाही. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नसतं, ते तसंच पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळायला लागते. माझ्याकडे एक गाडी अशीच महाबळेश्वरहून पुण्यापर्यंत दामटत आणलेली आली होती. कन्व्हर्टरवर थाप मारली की आत तुकडे खुळखुळायचे. बिघाड होता एका इग्निशन कॉइलचा (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती)! तुम्ही पाय काढलात, फार बरं केलंत.

आता स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावून घ्या. समजा पी०३०२ हा कोड आला, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. त्याची कॉइल तिसऱ्यावर लावून गाडी फिरवायची. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. दुसऱ्यावरच राहिला तर आधी प्लग, मग पेट्रोल फवारणारा इंजेक्टर तपासायचा. माझा संशय प्लगवर आहे. रीमॅपने बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब, वाढतो, आणि दाब वाढला की ठिणगी पडायला जड जातं. झिजून गॅप (ठिणगी पडते ती फट) वाढलेला प्लग सपाट रस्त्यावर निभावून नेतो, चढावर फुल लोडला हरतो. सगळे प्लग एकदम बदला, गॅप रीमॅप करणाऱ्याला विचारून ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी लाल ऑइल कॅनच्या दिव्याबद्दल सांगतो. तो ऑइलची पातळी नाही, दाब दाखवतो. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर. हा दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. डिपस्टिकवर ऑइल पुरेसं दिसलं तरी पुन्हा चालू करू नका, टो करूनच न्या.