मिलवॉकीचे बर्गर दांपत्य

प्रश्न : अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या पहिल्या समाजवादी सदस्याला पुढे वीस वर्षांची शिक्षा झाली आणि तरीही मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिले, असे एका व्याख्यानात ऐकले. शिक्षा झालेला माणूस तिथे निवडणूक लढवू शकतो का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपण ऐकले ते व्हिक्टर बर्गर यांच्याविषयी होते आणि ते खरे आहे. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात १८६० साली जन्मलेले बर्गर तरुणपणी अमेरिकेत आले, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी या जर्मनभाषकांचा भरणा असलेल्या शहरात शिक्षक झाले आणि नंतर शिक्षकी सोडून वृत्तपत्राच्या व्यवसायात पडले. १९१० मध्ये ते काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहावर, म्हणजे कनिष्ठ सभागृहावर, निवडून गेले. त्याच वर्षी एमिल सायडेल यांच्या रूपाने शहराला समाजवादी महापौरही मिळाला. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा समाजवादी पक्षाने युद्धाला उघड विरोध केला आणि बर्गर यांच्या ‘मिलवॉकी लीडर’ या दैनिकाने तीच भूमिका लावून धरली. सरकारने आधी दैनिकाची टपाल सवलत काढून घेतली. सवलतीच्या दराशिवाय बाहेरगावच्या वर्गणीदारांना अंक पाठवणे परवडत नसे, त्यामुळे दैनिकाचा बाहेरगावचा वाचक तुटला आणि शहरात घरोघरी जाणाऱ्या अंकांवर ते तगून राहिले.

त्यानंतर एस्पियोनाज ॲक्ट या हेरगिरीविरोधी कायद्याखाली बर्गर यांच्यासह पाच जणांवर खटला भरण्यात आला. खटला डोक्यावर असतानाच नोव्हेंबर १९१८ मध्ये ते प्रतिनिधिगृहावर पुन्हा निवडून आले आणि फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी त्यांना वीस वर्षांची शिक्षा सुनावली. (हेच लँडिस पुढे व्यावसायिक बेसबॉलचे पहिले आयुक्त झाले, अमेरिकेत त्यांचे नाव निघते ते बहुधा त्यासाठीच.) अपील प्रलंबित असल्याने बर्गर तुरुंगाबाहेर होते.

आपल्याकडे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली की सदस्य अपात्र ठरतो. अमेरिकेच्या राज्यघटनेत अशी तरतूद नाही, त्यामुळे उमेदवारीला अडथळा नव्हता. सभागृहाने त्यांच्याविरुद्ध वापरले ते चौदाव्या घटनादुरुस्तीतले तिसरे कलम. एकदा राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेऊन नंतर बंड करणाऱ्याला किंवा शत्रूला साहाय्य करणाऱ्याला पद धारण करता येणार नाही, असे ते कलम सांगते. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने गेलेल्यांसाठी केलेली ती तरतूद, १९११ मध्ये शपथ घेतलेल्या एका संपादकाला त्याच्या अग्रलेखांमुळे लावण्यात आली! नोव्हेंबर १९१९ मध्ये सभागृहाने त्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांच्या बाजूने एकच मत पडले. डिसेंबरातल्या पोटनिवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून एकच उमेदवार उभा केला, तरीही बर्गर आधीपेक्षा अधिक मतांनी जिंकले. सभागृहाने त्यांना दुसऱ्यांदा परत पाठवले आणि ती जागा मुदत संपेपर्यंत रिकामी राहिली.

जानेवारी १९२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, मात्र लेखन गुन्हा होता की नव्हता या प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. जर्मन वंशाच्या लोकांविषयी लँडिस यांच्या मनात पूर्वग्रह असल्याचे शपथपत्र आरोपींनी दिलेले असताना त्यांनी तो खटला स्वतःकडे ठेवायला नको होता, एवढ्याच मुद्द्यावर निकाल लागला. बर्गर १९२३ ते १९२९ पुन्हा सदस्य होते.

प्रश्न : त्यांच्या पत्नी मेटा यांचा उल्लेख सहसा एखाद्या ओळीत संपतो. त्यांचे स्वतंत्र काम होते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होते, आणि माझ्या मते मिलवॉकीच्या सामान्य घरांपर्यंत पोहोचलेले काम पाहिले तर त्यांचे पारडे पतीपेक्षा हलके ठरत नाही. १८७३ मध्ये मिलवॉकीतच जन्मलेल्या मेटा श्लिख्टिंग शाळेत व्हिक्टर यांच्या विद्यार्थिनी होत्या, पुढे त्या स्वतः शिक्षिका झाल्या आणि १८९७ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे लग्नानंतर नोकरी सुटली आणि डोरिस व एल्सा या दोन मुलींच्या संगोपनात पहिली वर्षे गेली.

१९०९ मध्ये पक्षाने त्यांना शहराच्या शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत उभे केले. त्या निवडून आल्या आणि सलग तीस वर्षे, म्हणजे १९३९ पर्यंत, मंडळावर राहिल्या. १९१५-१६ मध्ये त्या मंडळाच्या अध्यक्षाही होत्या. शाळेत एका सेंटात मिळणारे दुपारचे जेवण, मुलांची वैद्यकीय तपासणी, खेळाची मैदाने, शिक्षकांना नोकरीची हमी, ठरलेली वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन हे त्यांचे विषय होते. क्रांतीची भाषा करणाऱ्यांना हे किरकोळ वाटे आणि मिलवॉकीच्या समाजवाद्यांना त्यांच्याच पक्षातले लोक ‘गटारी समाजवादी’ म्हणून चिडवत, कारण हे लोक सांडपाणी, नळाचे पाणी आणि शाळा यांतच गुंतलेले असत. व्हिक्टर यांची कारकीर्द निवडून येणे, हरणे आणि सभागृहाच्या दाराशी अडणे यांनी तुकड्यातुकड्यांत विभागलेली आहे. मेटा यांच्या तीस वर्षांत एकदाही खंड पडला नाही.

इथे एक तपशील मुद्दाम सांगावासा वाटतो. विस्कॉन्सिनमधल्या स्त्रियांना तेव्हा फक्त शाळाविषयक निवडणुकांत मत देता येत असे. त्यामुळे १९०९ मध्ये स्वतः लोकप्रतिनिधी झालेल्या मेटा यांना १९१० मध्ये काँग्रेससाठी उभ्या असलेल्या पतीला मत देता आले नाही. १९१८ आणि १९१९ मध्येही त्यांच्या हाती मतपत्रिका नव्हती. १९२० मध्ये देशभरातल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला, आणि नेमकी ती निवडणूक व्हिक्टर हरले.

प्रश्न : दोघांत मतभेद होते का? आणि त्यांच्यावर आज कोणती टीका होते? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : मतभेदाचा ठळक विषय स्त्रियांचा मताधिकार हाच होता. पक्षाच्या कार्यक्रमात तो असला तरी व्हिक्टर त्याबाबत थंड होते, कारण स्त्रिया धर्मगुरूंच्या सांगण्याने समाजवादाविरुद्ध मते देतील अशी त्यांना धास्ती होती. मेटा मात्र राज्याच्या मताधिकार संघटनेत पदाधिकारी झाल्या आणि पुढे अधिक आक्रमक अशा नॅशनल वुमन्स पार्टीतही काम करू लागल्या. व्हिक्टर वॉशिंग्टनला आणि मेटा घरी अशी वर्षे गेल्याने दोघांचा मोठा पत्रव्यवहार मागे राहिला, तो प्रसिद्धही झाला आहे. त्यात मुलींची काळजी आणि पक्षाच्या भानगडी एकाच पत्रात शेजारी शेजारी येतात.

टीकेबद्दल सांगायचे तर व्हिक्टर यांनी १९०२ मध्ये कृष्णवर्णीयांना हीन वंश म्हणणारा मजकूर लिहिला होता. कामगारांच्या समतेसाठी झगडणाऱ्या माणसाने तो लिहिला आणि काळाचा दाखला देऊन त्यावर पांघरूण घालणे योग्य नाही. त्यांच्याच पक्षातले यूजीन डेब्स त्याच काळात वर्णभेदाविरुद्ध बोलत होते. १८९५ मध्ये तुरुंगात असलेल्या याच डेब्स यांना मार्क्सचा ‘भांडवल’ हा ग्रंथ नेऊन देणारे मात्र बर्गरच होते.

जुलै १९२९ मध्ये ट्रामच्या धडकेने जखमी झालेले व्हिक्टर ७ ऑगस्टला वारले. मेटा यांचे राजकारण त्यानंतर अधिक डावीकडे सरकले. १९३५ मध्ये त्यांनी सोव्हिएत रशियाचा दौरा केला आणि कम्युनिस्टांच्या प्रभावाखालच्या संघटनांशी त्यांचा संबंध वाढला. जुन्या सहकाऱ्यांना ते रुचले नाही. अखेर १९४० मध्ये, पतीने ज्याच्या उभारणीत आयुष्य घातले त्या समाजवादी पक्षातून त्या बाहेर पडल्या. १९४४ मध्ये त्यांचे निधन झाले.