ड्रग मेटाबोलिझम आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीतलं काम म्हणजे संशोधन, की यंत्रावरची नोकरी?

तुम्ही ठाण्याचे, एम.एस्सी. केमिस्ट्री झालंय, रबाळ्याच्या एका लॅबची ऑफर हातात आहे, आणि घरचे म्हणतायत की ही बटणं दाबायची नोकरी. मी बावीस वर्षं याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे काम करतेय. घरचे अगदीच चुकीचे नाहीत.

माझी पहिली तीन वर्षं बीई, म्हणजे बायोइक्विव्हॅलन्स, स्टडीमध्ये गेली. जेनेरिक गोळी रक्तात मूळ गोळीइतकीच चढते हे दाखवायचं. दोन्ही गोळ्यांच्या रक्तातल्या पातळीच्या गुणोत्तराचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे अंदाजाची पट्टी, 80 ते 125 टक्क्यांत बसला की जिंकलो. प्लाझ्माच्या नळ्यांमागून नळ्या, रात्रभर चालणारे रन, क्यूसी, म्हणजे औषधाचं प्रमाण आधीच माहीत असलेले तपासणीचे नमुने, 15 टक्क्यांच्या आत. हात बसतो, शिस्त लागते, आणि दुसऱ्या वर्षी कंटाळा येतो.

मेटाबोलिझमचं काम वेगळं. औषध पोटात गेल्यावर शरीर त्याचं काय करतं, हा इथला प्रश्न. टर्फेनाडिनचं उदाहरण घ्या. अ‍ॅलर्जीची ही गोळी जगभर खपायची. यकृतातलं आणि आतड्यातलं सीवायपी3ए4 नावाचं एन्झाइम तिचं जवळजवळ सगळं रूपांतर करून टाकायचं. एका मिथाइलच्या जागी आम्लाचा गट, मास स्पेकवर, म्हणजे रेणू वजनाने ओळखणाऱ्या यंत्रावर, 472 चा पीक 502 वर. (पीक म्हणजे आलेखावरचा उंचवटा, शेतातलं नव्हे. आईला हे समजवायला मला बरीच वर्षं लागली.) पण सोबत कीटोकोनॅझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेतलं की एन्झाइम अडायचं, मूळ टर्फेनाडिन रक्तात साचायचं आणि हृदयाची लय बिघडायची. माणसं दगावली. 1998 मध्ये अमेरिकेत ती गोळी बाजारातून गेली. आणि तो 502 वाला मेटाबोलाइट, म्हणजे शरीराने बदललेला रेणू? तेच फेक्सोफेनाडिन, म्हणजे तुमच्या केमिस्टकडची अ‍ॅलेग्रा. अ‍ॅलर्जीवरचं खरं काम तोच करत होता आणि हृदयाला त्याचा तसा त्रास नव्हता. ही गोष्ट ऐकली आणि मी बीईमधून बदली मागितली.

प्रत्यक्ष काम दिसायला साधं असतं. उणे 80 च्या फ्रीझरमधून यकृताचे मायक्रोसोम्स (एन्झाइम्स असलेले पेशींचे बारीक तुकडे) काढून बर्फावर वितळवायचे, औषध घालायचं, 37 अंशांवर एनएडीपीएच (एन्झाइमचं इंधन, त्याशिवाय ते चालत नाही) घालून घड्याळ सुरू करायचं. ठरलेल्या मिनिटाला थोडं काढून थंडगार अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये सोडायचं. दूध नासावं तशी प्रथिनं फुटून खाली बसतात, वरचं पाणी यंत्राला.

एकदा मला मूळ औषधापेक्षा 16 ने जड असा झकास पीक मिळाला. 16 म्हणजे एक ऑक्सिजन. एन्झाइम्सची नेहमीची करणी. तीन आठवडे तो ऑक्सिजन रेणूत नेमका कुठे बसलाय ते शोधत होते, स्लाइडसुद्धा तयार. सरांनी एवढंच विचारलं, “एनएडीपीएच न घातलेली नळी कुठाय?” लावलीच नव्हती. लावली, तर त्यातही पीक तेवढाच. ताजं सॅम्पल लगेच इंजेक्ट केलं तर गायब. औषध ऑटोसॅम्पलरमध्ये, म्हणजे यंत्राला एकेक नमुना देणाऱ्या ट्रेमध्ये, रात्रभर पडून आपोआप ऑक्सिडाइज होत होतं, आणि मी यकृताला श्रेय देत होते. सर रागावले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली.

म्हणून घरच्यांना सांगा, बटण कोणीही दाबतं. यंत्र वजन सांगतं, बाकी काही नाही. ते वजन यकृतात तयार झालं, बाटलीत, की यंत्राच्या गरम सोर्समध्येच (नमुना जिथे यंत्रात शिरतो तो भाग), हे ठरवणं म्हणजे आमचं काम. ज्याला स्वतःच्या सुंदर पीकवर संशय घेता येत नाही त्याने बीईमध्येच राहावं. पगार तिथेही मिळतो.

पीएच.डी. लगेच हवीच असं नाही. मी नोकरीत असताना केली, सात वर्षं लागली, मुलगी चौथीतून दहावी पार झाली. तुम्हाला पूर्णवेळ करायची असेल तर माटुंग्याचं आयसीटी (रसायन तंत्रज्ञानाची संस्था) आहे; कॅन्सरच्या औषधांकडे ओढा असेल तर खारघरचं अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) हेही बघा. नव्या मॉलिक्यूलवरच्या नोकऱ्या मात्र बंगळूर-हैदराबादकडे जास्त. आपल्या पट्ट्यात बायोअ‍ॅनालिसिस, म्हणजे रक्तातलं औषध मोजायचं काम, भरपूर, हे धरून चला.

सध्याची ऑफर घ्या असंच मी म्हणेन. ट्रान्स-हार्बरने रबाळे तिसरं स्टेशन, वेळ वाचतो तो वाचनात घाला. फक्त मुलाखतीत एक विचारा: सोर्स साफ कोण करतं? “सर्व्हिस इंजिनिअर” असं उत्तर आलं तर तिथे तुम्हाला यंत्र उघडूच देणार नाहीत, वर्षभरात दुसरीकडे बघायला लागा. “जो रन लावतो तो” असं म्हणाले, तर पहिल्याच आठवड्यात मिथेनॉल आणि पुसायचे वाइप्स कुठे ठेवलेत ते माहीत करून घ्या.